मेथीच्या वाटीतले जेट

‘‘ह्या स्क्रूला कुणी हात लावला हुता?’’

मंगळवारची संध्याकाळ होती. आमचे हे मॉरिस गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेले, त्यामुळं आवाज इंजिनाच्या पोटातून आल्यासारखा आला. मी चहाचा कप घेऊन गॅरेजच्या दारात उभी होते.

‘‘मांजरानं लावला असंल,’’ मी म्हणाले.

‘‘मांजर स्क्रू फिरवतंय व्हय?’’

‘‘फिरवत न्हाई. पर दुपारी बॉनेटवर उडी मारली हुती त्यानं. हादऱ्यानं सैल पडला असंल.’’

ह्यांनी मान बाहेर काढली. कपाळाला ऑइलचा टिळा लागला होता. ‘‘आपल्यात मांजर कवा आलं?’’

‘‘आपलं न्हवं, गल्लीतलं. पांढरं.’’

आमच्या गल्लीत पांढरं मांजर नव्हतं. काळंही नव्हतं. चार कुत्री होती, तिथं मांजर टिकणार कुठून? पण एकदा तोंडातून मांजर बाहेर पडलं की त्याला रंग द्यावाच लागतो. ह्यांनी ‘हं’ केलं, चहा एका घोटात संपवला आणि स्क्रू अर्धा फेरा उलटा फिरवून माझी दुपारची मेहनत मातीत घातली.

ही चौऱ्याऐंशी सालच्या वैशाखातली गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरला आमचं गॅरेज आणि घर एकाच भिंतीचं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजात उघडायची, त्यामुळं माझ्या फोडणीचा वास गाड्यांना लागायचा आणि पेट्रोलचा वास भाकरीला. हिंदुराव मिस्त्री म्हणून ह्यांचं नाव मोठं होतं. कुठलीही पेट्रोलची गाडी आणा, हे रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरत, दुसरं स्वतःच्या कानाला लावत, आणि डोळे मिटून स्क्रू फिरवत. गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली की डोळे उघडत. प्लग काढून त्याचा रंग बघणाऱ्या मिस्त्र्यांना हे ‘रंगारी’ म्हणायचे.

आधीच्या रविवारी माझ्या थोरल्या बहिणीच्या नातवाचं जावळ होतं. मटणाच्या पंगतीत तिचे यजमान, म्हणजे माझे दाजी, ह्यांच्या शेजारी बसले होते. दाजींचं डिझेल पंप दुरुस्तीचं वर्कशॉप. दोघं साडू, त्यामुळं एकमेकांची कळ काढल्याशिवाय त्यांना रस्सा उतरत नसे.

‘‘हिंदुराव,’’ दाजी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘गेल्या म्हैन्यात तुमच्या हातच्या तीन गाड्या माज्या दारात आल्या. तिन्हीबी काळा धूर वकत हुत्या. कान म्हातारा झाला म्हणायचा का काय?’’

पंगत हसली. हे हसले नाहीत. हातातलं नळीचं हाड ताटात ठेवून म्हणाले, ‘‘इंगवले वकिलांची मॉरिस हाय माज्याकडं. येत्या रविवारी तुमास्नी शेजारी बसवून वाघबिळापास्नं पन्हाळ्याच्या नाक्यापत्तर टापमधी चढवतो. मधी एकदा जरी गेर बदलला, तर ह्या हातानं पाना ठेवला!’’

टाप म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, सपाट रस्त्यावर पळायचा. टापमध्ये घाट चढायचा म्हणजे जिना चढता चढता शिट्टी वाजवायची. धडधाकट इंजिनाचाही जीव जातो. आणि पाना ठेवला म्हणजे धंदा सोडला. मी वाढत होते, माझ्या हातातला रश्श्याचा डाव तसाच राहिला.

कारण दाजी खोटं बोलत नव्हते. ह्यांचा उजवा कान गेला होता आणि डावा त्याच्या मागोमाग निघाला होता. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी हे विचारायचे, ‘‘कुकर लावला न्हाईस व्हय?’’ नळी उजव्या कानाला लावायची तीस वर्षांची सवय, ती आता गुपचूप डाव्या कानाकडं गेली होती. मला दिसत होतं. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, निदान माझी तशी समजूत होती.

तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं. कुस्ती आठवड्यावर आल्यावर पैलवानाला कोण सांगतं, की बाबा तुझा गुडघा गेलाय? त्यांनी त्याच दिवशी पाना ठेवला असता. आणि पाना ठेवलेले हे मला बघवले नसते. सणासुदीला गॅरेज बंद असलं तरी हा माणूस दुपारपर्यंत माझा मिक्सर उघडून बसायचा. तर मी ठरवलं की सांगायचं नाही, करायचं.

इंजिनाचं मला काय कळतं, असं विचारू नका. तीस वर्षं मी रॉकेलमध्ये कार्बोरेटर धुतले होते आणि हे कान लावून बसले की ॲक्सिलरेटर माझ्याच पायाखाली असायचा. कार्बोरेटर म्हणजे काय, तर इंजिनाचं स्वयंपाकघर. हवा आणि पेट्रोल कालवून आत भरवायचं. पेट्रोल जास्त झालं की घट्ट, कमी पडलं की पातळ. ह्यांना नळीतली बारीक फुसफुस ऐकू येईना, म्हणून जाड घुमणारा आवाज कानावर पडेपर्यंत हे पेट्रोल वाढवत बसायचे. म्हणून तो काळा धूर.

मॉरिसचा घोळ तर दुप्पट. जोर वाढावा म्हणून ह्यांनी तिचा मूळचा एक कार्बोरेटर काढून दोन बसवले होते. त्यांच्यासाठी हवेची नवी नळकांडी शेजारच्या फाउंड्रीत ओतून घेतली आणि आतून स्वतः घासून घासून आरशासारखी केली. काम असं देखणं की मी त्या नळकांड्यांची दृष्ट काढली असती. पण दोन कार्बोरेटर म्हणजे दोन बैल, दोघांनी सारखं ओढलं पाहिजे. सारखं ओढतात की नाही ते कानानंच कळतं.

ह्यांची दुपारची झोप ठरलेली. एक वाजता जेवण, सव्वाला घोंगड्यावर आडवे, तीनपर्यंत घोरणं. सोमवारी ते घोरणं लागल्यावर मी पदर खोचून गॅरेजात गेले आणि चारही प्लग काढले. तव्याच्या बुडासारखे काळे. रंगाचं मला कुणी शिकवायला नको. शिऱ्याचा रवा भाजताना बाई जो रंग बघते, बरोबर तोच रंग प्लगला पाहिजे. मी कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा आत घेतले, म्हणजे पेट्रोल कमी. संध्याकाळी ह्यांनी ‘कोरडं बोलालंय’ म्हणत ते बाहेर काढले. मंगळवारी मी पुन्हा आत घेतले, ह्यांनी पुन्हा बाहेर काढले आणि मांजर जन्माला आलं.

बुधवारी सकाळी भाकरी थापताना माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्यांनीच एकदा सांगितलं होतं, की बाहेरचा स्क्रू म्हणजे गाडी जागेवर उभी असतानाचं चहापाणी. घाटातलं जेवण आतल्या जेटमधून जातं. जेट म्हणजे हरभऱ्याएवढा पितळी तुकडा, मधोमध आरपार भोक. तेवढ्यातूनच इंजिनाला पेट्रोल. म्हणजे दोन दिवस आम्ही नवराबायको चहापाण्यावरून भांडत होतो!

त्या दुपारी मी जेट काढले आणि त्यातून माझी गोधडीची सुई घालून बघितली. आरपार, वर हलायलाही जागा. ह्यांनीच भोकं कोरून मोठी केली होती. जुन्या सुट्या भागांच्या डब्यात जेटच्या दोन जोड्या सापडल्या. एकीत गोधडीची सुई अडकत होती, दुसरीत शिवणाची. बाईच्या जातीला काटकसरच सुचणार. मी बारकी जोडी बसवली. आता बाहेरचा स्क्रू ह्यांनी दिवसभर फिरवला असता तरी माझं काही बिघडत नव्हतं.

काढलेले जेट ठेवायचे कुठं? डब्यात ठेवले तर ह्यांच्या नजरेला पडतील. मी मसाल्याचा डबा उघडला आणि मेथीच्या वाटीत दोन्ही पुरले. पिवळ्यात पिवळं. आमच्या घरात मेथीचे दाणे लोणच्याच्या हंगामापुरतेच लागतात, एरवी त्या वाटीला कुणी विचारत नाही. मी स्वतःच्या अकलेवर भलतीच खूश झाले. संध्याकाळी हे स्क्रू फिरवत होते तेव्हा मी खिडकीतून गाणं गुणगुणत होते.

‘‘आज मांजर आलं न्हाई वाटतं?’’ ह्यांनी विचारलं.

‘‘येऊन गेलं की,’’ मी म्हणाले. ‘‘मी बघितलो न्हवं.’’ आमच्याकडं बायकाही ‘बघितलो’ म्हणतात आणि खोटं बोलतानाही तेच म्हणतात.

गुरुवारी आणि शुक्रवारीही मी दुपारी गेले. हे आत घोरत होते, नेहमीपेक्षा मोठ्यानं, अगदी करवत चालवल्यासारखे. मला बरंच वाटलं, कारण घोरणं थांबलं की पाना खाली ठेवायचा हा माझा नियम होता. मी नळी कानाला लावून दोन्ही कार्बोरेटरची फुसफुस सारखी केली. इंजिन चालू झाल्यानं हे जागे होतील ही भीती होतीच, पण बहिऱ्या माणसाला कसली जाग? नळीच्या टोकाला तेवढा तिळाच्या तेलाचा वास आला. ह्यांच्या उशीच्या अभ्र्यालाही दोन दिवस तेलाचे डाग होते. रबर चिरू नये म्हणून तेल लावत असतील आणि हात उशीला पुसत असतील, असं म्हणून मी अभ्रा धुऊन टाकला.

शनिवारी दाजी मुद्दाम बघायला आले. ह्यांनी त्यांच्यासमोर नळी कानाला लावली, डोळे मिटले, मान डोलावली आणि बाहेरचा स्क्रू भक्तिभावानं इकडंतिकडं फिरवला.

‘‘काय म्हणतंय इंजन?’’ दाजींनी विचारलं.

‘‘तुमची आठवण काढालंय,’’ हे म्हणाले.

मी आत जाऊन पदरात तोंड खुपसून हसले.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही वाघबिळाशी होतो. स्टिअरिंगवर हे, शेजारी दाजी, मागं मी आणि इंगवले वकील. मला नेण्याचं काही कारण नव्हतं. पण चौघांचं वजन पाहिजे, अशी दाजींची अट होती आणि ‘माझी बायको बसंल’ असं हेच म्हणाले. वकील पांढऱ्या टोपीत, मांडीवर नारळ घेऊन बसले होते. चढ सुरू व्हायच्या आधी ह्यांनी टाप टाकला आणि दाजींनी गिअरच्या दांड्याभोवती आपला रुमाल बांधला, गाठ मारून.

‘‘रुमाल हालला की पाना गेला,’’ दाजी म्हणाले.

‘‘बगा, बगा,’’ हे म्हणाले आणि पाय दाबला.

काय सांगू तुम्हाला! अशी गाडी मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. दोन्ही कार्बोरेटर एका दमात हवा ओढत होते. मागची काच स्वच्छ, धुराचं नाव नाही. पहिल्या दोन वळणांत तर आम्ही एका एसटीच्या मागं लागून तिला ओलांडून गेलो. वकिलांनी टोपी हातानं धरली. दाजी एकदा मागं वळून धूर शोधत होते, एकदा पुढं रुमाल बघत होते.

मग मोठं वळण आलं आणि त्याच्यापुढं उभा चढ. गाडीचा वेग उतरला. आणि इंजिनातून एक आवाज यायला लागला, कुटकुट, कुटकुट, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. तो आवाज मला ओळखीचा होता. पेट्रोल कमी पडत होतं. माझ्या काटकसरीनं घात केला होता. गोधडीच्या सुईची जोडी बसवायची, ती मी शिवणाच्या सुईची बसवली होती.

उपाय होता. पुढं चोकचा गोळा होता. तो बोटभर ओढला की हवा कमी होऊन पेट्रोलचं प्रमाण वाढतं. पण हे कसे ओढणार? ह्यांच्या हिशेबानं आत मोठी भोकं होती, पेट्रोल उतू जात होतं. तशा गाडीचा चोक ओढला तर ती जागेवर गुदमरते, हे कुठलाही मिस्त्री सांगेल. आणि कुटकुट तर ह्यांना ऐकूच येत नव्हती. मी ‘चोक ओढा’ म्हणाले असते तर जेटची गोष्ट निघाली असती, जेटमागून कानाची निघाली असती, तीही दाजींच्या पुढ्यात. न बोलावं तर पाना जाणार, बोलावं तर नवऱ्याची अब्रू. मी पुढच्या सीटची कड दोन्ही हातांनी धरली.

‘‘हालतोय रुमाल, हालतोय!’’ दाजी हरखून म्हणाले. दांडा थरथरत होता. तेव्हा मी पाहिलं, ह्यांचा डावा गुडघा त्या दांड्याला चिकटलेला होता. मुद्दाम चिकटवलेला. ते गुडघ्यानं ऐकत होते.

आणि मग ह्यांचा हात शांतपणे पुढं गेला आणि चोकचा गोळा बोटभर बाहेर आला.

कुटकुट थांबली. इंजिनानं एक खोल श्वास घेतला आणि गाडी पुन्हा उचलली. दाजी, वकील दोघंही पुढं बघत होते. मी मात्र ह्यांच्या मानेकडं बघत होते. आत बारके जेट आहेत हे माहीत असलेला माणूसच तो गोळा ओढू शकत होता. गाडीत तसं माहीत असलेलं कोण होतं? मला वाटत होतं, मी एकटीच.

समोरच्या लहान आरशात ह्यांचे डोळे मला दिसले. त्यांनी एक डोळा मिटला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

नाक्यापाशी गाडी थांबली तेव्हा रुमालाची गाठ जशीच्या तशी होती. वकिलांनी दगडावर नारळ फोडला. झुणकाभाकरीच्या दुकानातली माणसं गोळा झाली. दाजी खाली उतरले, बॉनेटला हात लावून चटका बसल्यावर हात झटकला आणि म्हणाले, ‘‘मानलं, हिंदुराव. शब्द माघारी घेतो. पाना काय ठेवू नगासा.’’

‘‘ठेवणार,’’ हे म्हणाले.

‘‘आवो, जिंकलासा की तुमी!’’

‘‘जिंकलो म्हणूनच ठेवणार. हरलो असतो तर खाली ठेवला असता.’’ मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘‘पदर फुडं कर.’’

मला काही कळेना. चारचौघांत ‘कशाला’ म्हणून विचारायचं कसं, म्हणून मी पदर पुढं केला. ह्यांनी वकिलांकडून नारळाची वाटी घेऊन पदरात घातली. मग खिशातून काढून हरभऱ्याएवढे दोन पितळी तुकडे तिच्याशेजारी ठेवले. एकाच्या खाचेत मेथीचा दाणा अडकलेला होता. शेवटी कमरेचा दहा-बाराचा पाना काढला, तो बाह्यांना पुसला आणि अलगद माझ्या ओटीत ठेवला.

‘‘आता हितनं फुडं ह्यो तुझा,’’ ते म्हणाले.

दाजींना वाटलं, थट्टा चाललीय. ते आणि वकील झुणका सांगायला दुकानाकडं गेले. मी तशीच पदर धरून उभी. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

‘‘कवा कळलं तुमास्नी?’’ मी विचारलं.

‘‘गुरवारी पाटं. पापाच्या तिकटीजवळ एक वैद्य हाय. त्यो म्हणला, मेथी तिळाच्या त्येलात कडवून कानात घाला, म्हैन्यात ऐकू ईल. रोज पाटं तू उठायच्या आदी चमचाभर न्येत हुतो. गुरवारी चमच्यात जेट आलं.’’

म्हणजे दोघंही एकाच वाटीत हात घालत होतो, आणि दोघंही एकमेकांपासून चोरून!

‘‘मग सांगायचं न्हाई व्हय? गुरवार-शुक्कुरवार मी भीत भीत...’’

‘‘सांगतोय कसला! दोन दीस घोरून घोरून माजा घसा बसला.’’ मग हळू आवाजात म्हणाले, ‘‘शुक्कुरवारी दुपारी घोरत घोरतच उठून मी दारातनं बघितलं. नळी कानाला लावून, डोळं मिटून बसलीवतीस. म्हटलं, आपलं काम हाय तितं हाय. नुसतं बसायची जागा बदलली.’’

मी पदराच्या टोकानं डोळे पुसले. ‘‘जेट जरा बारकं पडलं,’’ मी म्हणाले.

‘‘कळलं की. गुडघ्याला कुटकुट लागली. उद्या गोधडीच्या सुईचं घाल. डब्यातल्या जेटात तुजी सुई तशीच अडकून राहिलीया.’’

सुईचंही त्यांना माहीत होतं!

त्यानंतर अकरा वर्षं आमचा हा उद्योग चालला. गिऱ्हाईक समोर असलं की हे नळी कानाला लावून डोळे मिटायचे. मी शेजारी ‘पाने द्यायला’ उभी असायचे. दुपारी हे घोंगड्यावर, मी बॉनेटमध्ये. काळा धूर परत कुणी पाहिला नाही. दाजींनीसुद्धा आपली जीप आमच्याकडंच टाकली. एकदा ती घेऊन जाताना त्यांनी स्टार्टर मारला, कान देऊन ऐकलं आणि न राहवून विचारलं, ‘‘खरं सांगा हिंदुराव, तुमच्यात ट्युनिंग कोण करतंय?’’

हे माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘‘मांजर.’’